चौदा नंबरचं पुडकं

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.

डायरी गेल्या वर्षीची, पण कोरी. औषधाच्या दुकानदारानं फुकट दिली. छापलेले वार यंदाच्या तारखांशी जुळत नाहीत. ते खोडून वर खरा वार लिहायचा. पहिल्याच पानावर खाडाखोड. असो.

शाळा सातवीत सुटली, पण अक्षर चांगलं आहे. काचसामानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॅकर होतो. पेट्यांवर 'काच, सांभाळून' हे मीच लिहायचो.

संकल्प. एक, काळजी करायची नाही. कशाचीच. दोन, आपली अडचण कोणत्याही माणसाला सांगायची नाही, कोणाकडे काही मागायचं नाही. फक्त देवाला सांगायचं. तो पुरवतो. तीन, रोज लिहायचं.

कशाची काळजी करायची नाही ते विसरू नये म्हणून यादी करून ठेवतो. स्वयंपाकघरातला नळ गळतो. घरमालक भाडं वाढवणार आहे. माझा डावा गुडघा. तिसऱ्या मजल्याचा जिना. हिच्या हृदयाच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर. मी आधी गेलो तर हिचं काय. ही आधी गेली तर माझं काय.

यादी वाचून छातीत धडधडायला लागलं. पान मिटतो.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

कालचा तिसरा संकल्प अजून शाबूत आहे.

पाळकसाहेबांनी आज पैसा आणि गरिबी यांवर उपदेश केला. म्हणाले, देव छप्पर फाडून पाव टाकत नाही, तो शेजाऱ्याच्या हातात देतो, मग शेजाऱ्यानं हात पुढे करायचा असतो आणि आपणही. मला हे पटलं नाही. शेजाऱ्यानंच द्यायचं तर मग देवानं काय केलं? पाळकसाहेब माणूस सोन्यासारखा, पण विश्वासात कमी पडतात.

पांढऱ्या सुटातले प्रचारक आले होते त्यांची गोष्टच वेगळी. मोठा मंडप, माईक, बँड. म्हणाले, बाप राजा असताना लेकरं फाटक्यात का? पैसा म्हणजे बी. पेराल तर शंभरपट उगवेल. कारखाना बंद झाला तेव्हा हातात जी एकरकमी रक्कम आली ती मी त्याच आठवड्यात पेरली. सगळी. पावती माझ्या रविवारच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

हिला एवढंच सांगितलं की पैसे सुरक्षित जागी आहेत. यात खोटं काहीच नाही. एकदा कोटाला इस्त्री करताना तिनं मला हाक मारली, मी आलो तर म्हणाली, काही नाही, जा. त्यानंतर पैशांचा विषय तिनं काढलेला नाही. फार भाबडी बाई आहे.

दोन वर्षं चार महिने झाले. पीक यायला वेळ लागतो. टपालपेटी सकाळी अकराला बघतो आणि चारला पुन्हा, पोस्टमनची काही चूक झाली असेल तर.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.

मधले दिवस लिहायचे राहिले. पेन सापडत नव्हतं.

आज चर्चच्या मागच्या खोलीत पुडकी बांधली. दर शनिवारी सोळा गरजू घरांना पुडकं जातं. घरं कोणाची, ते फक्त पाळकसाहेबांना ठाऊक. आम्हाला नुसता नंबर आणि नंबरापुढे वस्तू. मागच्या बोळात सोळा लोखंडी लॉकर आहेत, आमच्याच कारखान्याच्या लिलावातून आणलेले. प्रत्येक घराकडे आपापल्या लॉकरची किल्ली, माझ्याकडे सगळ्यांना लागणारी एक मोठी. मी सकाळी पुडकी आत ठेवायची, लोकांनी चारनंतर येऊन न्यायची. चारनंतर आमच्या मदत-समितीतल्या कोणीही बोळात फिरकायचं नाही, कोणाला लाज वाटू नये म्हणून. हे लाड मला पसंत नाहीत.

बांधणी मात्र माझी. खाकी कागद, सुतळी, दोन वेढे, एक उलटा, टोक आत दाबायचं. ही गाठ कारखान्यातही दुसऱ्या कोणाला जमली नाही. ती सुटत नाही, कापावी लागते. समितीच्या चिटणीस हेडबाई (मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही सगळ्यांना वर्गात बसवतात) म्हणाल्या, काका, आत पीठ आहे, हिरे नाहीत, जरा सैल बांधा. मी ऐकून घेतलं.

चौदा नंबर म्हणजे डोक्याला ताप आहे. बाकीच्यांना पीठ, डाळ, तेल, साखर, चहा. चौदा नंबरला हे सगळं आणि वर औषधवाल्यानं पाठवलेलं बंद पाकीट, आणि वर गुडघेदुखीच्या मलमाची ट्यूब! हेडबाईंना म्हटलं, उद्या चौदा नंबर पलंग मागेल. त्या म्हणाल्या, गुडघे गरिबालाही असतात काका.

तोच दिवस. रात्री ८.

लिहून ठेवण्यासारखं घडलं. काल पिठाच्या डब्याचा तळ दिसत होता, पत्र्यावरची फुलं मोजता येत होती. आज डबा काठोकाठ! हिला विचारलं, पीठ कुठून आलं? म्हणाली, आलं. मी म्हटलं, आलं म्हणजे? म्हणाली, अहो, देव पुरवतो असं तुम्हीच म्हणता ना, मग चौकशी कशाला करता? माझ्या सहवासात विश्वास बराच वाढला आहे तिचा.

दर शनिवारी ती बायकांच्या प्रार्थना-सभेला जाते. चारला जाते, साडेपाचला धापा टाकत परत. पिशवी जड असते. गीतांची पुस्तकं असावीत.

जेवण झाल्यावर तिनं माझ्या गुडघ्याला मलम चोळलं. नवी ट्यूब. प्रार्थनेत टेकून टेकून झिजलेले गुडघे आहेत हे, देव विसरत नाही.

तिच्या गळ्यात क्रॉसशेजारी एक लहान किल्ली असते. म्हणते ट्रंकेची आहे. आमच्याकडे ट्रंक होती कधी, आठवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

नळाचा प्रश्न मिटला. मी कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता. फक्त जिन्यात उभं राहून देवाला सांगितलं, आणि तेही जरा मोठ्यानं, कारण जिन्यात आवाज घुमतो. अर्ध्या तासात पहिल्या मजल्यावरचा प्लंबर पाना घेऊन दारात हजर. हा माणूस चर्चचं तोंड बघत नाही, रविवारी काम करतो, शिट्टी वाजवत जिना चढतो. म्हणाला, आजोबा, तिसरा मजला, उजवीकडचं दार, हे तीनदा कशाला सांगत होता? देवाला पत्ता ठाऊक असेल की.

वायसर बदलला. पैसे घेतले नाहीत. मी तिथंच गुडघे टेकून देवाचे आभार मानले. प्लंबर बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, होऊ द्या सावकाश, फक्त माझा पाना तुमच्या गुडघ्याखाली आहे.

हिनं त्याला चहा दिला. दोन चमचे साखर घालून. आमच्याच साखरेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.

आज छडा लावायचा ठरवलं होतं. नियमाप्रमाणे बोळात जायचं नाही. पण समोरच्या चहाच्या दुकानात बसू नये असा नियम कुठं आहे? पावणेचारला बसलो. खिडकीशेजारचं टेबल, वर्तमानपत्र तोंडासमोर.

कोण चौदा नंबर ते चेहऱ्यावरून ओळखता येईल असा माझा अंदाज होता. गुडघा दुखतो म्हणजे लंगडत येणार. एक म्हातारा आला, ताठ चालत होता. दोन बाया आल्या. एक माणूस लंगडत आला पण तो सरळ पुढे निघून गेला. तेवढ्यात बोळातून आमचीच ही बाहेर आली, पिशवी दोन्ही हातांनी धरून. प्रार्थना-सभेचं दारही त्याच बाजूला असावं. दोन पावलं चालली की थांबत होती. तिच्याकडे बघत बसलो आणि त्या गडबडीत चौदा नंबर निसटला.

मदतीला जाणार होतो, पण मग मी तिथं काय करत होतो ते सांगावं लागलं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

पाळकसाहेब आज ऑपरेशनसाठी गेले. तीन आठवडे बाहेरगावी लेकीकडे राहणार. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, काका, पुडक्यांचं सांभाळा, पण यादीला हात लावू नका, एकही नंबर नाही. डोळ्यांत बघून दोनदा म्हणाले. भरवसा आहे माझ्यावर.

सगळी जबाबदारी एकट्यावर. झोप लागत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

समितीची बैठक. हेडबाई, मी आणि औषधवाला. औषधवाला दुकान उघडं टाकून आला होता, सारखा घड्याळ बघत होता.

देणग्या आटल्या आहेत. सोळा पुडक्यांचं सामान होत नाही. हेडबाई म्हणाल्या, प्रत्येकातून मूठ-मूठ कमी करू आणि साहेब येईपर्यंत ढकलू. मी म्हटलं, मूठभर कमी करून सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवण्यापेक्षा जे ऐश करतात त्यांना वगळा. चौदा नंबर. हेडबाई म्हणाल्या, काका, तुम्हाला कसं कळलं ते ऐश करतात? मी म्हटलं, ज्याला गुडघ्याचं मलम सुचतं त्याचं पोट भरलेलं असतं. आणि ज्याचा देवावर खरा विश्वास आहे त्याला यादी लागतेच कशाला? माझंच घर घ्या. कारखाना बंद, तरी पिठाचा डबा रिकामा होत नाही. मी कोणाकडे गेलो का?

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, साहेब नको म्हणाले होते. मी म्हटलं, साहेबांनी सगळं माझ्यावर सोपवलं आहे, आपण प्रार्थना करून ठरवू. मी प्रार्थना केली. बारा मिनिटं झाली असतील. हेडबाईंची शेवटची बस होती. आमेन म्हणून दोघांनी सह्या केल्या.

जाता जाता आणखी एक नियम करून घेतला. ज्याचं नाव कमी झालं त्याला परत यायचं असेल तर स्वतः समितीपुढे उभं राहून अर्ज भरायचा, कारण लिहायचं. लपूनछपून काही नाही. अर्जाचा कागद मीच आखला. अक्षर सुरेख आलं.

हलकं वाटतं आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.

पंधरा पुडकी. चौदाच्या लॉकरमध्ये नुसतं रिकामं ठेवणं बरं दिसेना, म्हणून चिठ्ठी ठेवली. माझ्या पेटीवरच्या अक्षरात, ठळक. 'माणसाच्या पुडक्यावर विसंबू नका. देवाकडे मागा. तो पुरवील.' वाचून माझेच डोळे भरून आले.

ही आज लवकर परत आली. पिशवी घडी करून काखेत. विचारलं, सभा लवकर संपली? म्हणाली, हो, आज काही नव्हतं. मग म्हणाली, अहो, तुमचं अक्षर अजून किती छान आहे. मी म्हटलं, एकदम हे कुठून आठवलं? म्हणाली, असंच.

जेवण नको म्हणाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

बिनसाखरेचा चहा. मी कप खाली ठेवला. म्हणाली, साखर संपली. मी म्हटलं, आजवर संपली नाही ती आताच कशी संपली? तिनं खांदे उडवले. पिठाच्या डब्यात पत्र्यावरची फुलं पुन्हा दिसू लागली आहेत.

याचा अर्थ काहीतरी आड आलं आहे. घरात कुठंतरी अविश्वास शिरला आहे. मी स्वतःचं मन तपासलं. तासभर तपासलं. थोडा उतावळेपणा सापडला, बाकी काही नाही. मग उरलं कोण?

तिला हळूच समजावलं की आशीर्वाद थांबतो तेव्हा आपण आत डोकावायचं असतं. ऐकत होती. बटाट्याची सालं इतकी पातळ काढत होती की त्यातून उजेड दिसत होता. म्हणाली, डोकावते.

मलम संपलं. ट्यूब कात्रीनं कापून आतलं बोटानं काढून चोळलं तिनं.

१ मार्च, शनिवार.

हद्द झाली. चौदाचं लॉकर उघडलं तर आत कोणीतरी गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलेलं. चंदेरी, हिरव्या इंग्रजी अक्षरांचं, सगळ्या गोळ्या काढलेल्या. बाकी काही नाही, चिठ्ठी नाही, सही नाही. म्हणजे पीठ नका देऊ पण हे द्या! हट्ट बघा. नियम आहे, अर्ज आहे, समोर येऊन सांगायला काय झालं? हेडबाई आल्या नव्हत्या. पाकीट चुरगाळून टोपलीत टाकलं आणि दुसरी चिठ्ठी ठेवली, जरा मोठी. 'देवाशी व्यवहार सरळ ठेवा, म्हणजे अशी वेळ येत नाही.'

घरी आल्यावर त्या पाकिटाचा विचार डोक्यातून जाईना. चिडचिड झाली. ज्यानं ठेवलं त्याला बोलता येत नसेल का?

ही साडेचारला परत आली. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती, मी वरून बघितलं. प्लंबर जिन्यात उभा राहून तिला पाणी देत होता. मला म्हणाला, आजोबा, आजीचा रंग बरा नाही, गोळ्या घेतात ना वेळेवर? मी म्हटलं, आमचा वैद्य वर आहे. तो म्हणाला, वरचा बघेलच हो, पण खालचाही असू द्या एखादा.

हिला विचारलं, गोळ्या घेतेस ना? म्हणाली, माझं मी बघते. तिचं उत्तर ऐकून बरं वाटलं.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.

तीन दिवसांचा उपास. घराच्या शुद्धीसाठी. फक्त पाणी. निश्चय पक्का.

तोच दिवस. सकाळी ११.

प्लंबरच्या दारावरून गेलो तर त्यानं पाव तव्यावर भाजायला टाकला होता. वासानं चक्कर आली. तो म्हणाला, या आजोबा. न मागता मिळालं, म्हणजे देवानंच दिलं. नाकारणं बरोबर नव्हतं. चार तुकडे. उपास उद्यापासून.

हिच्यासाठी एक तुकडा आणायचं तिथून निघाल्यावर सुचलं.

६ मार्च, गुरुवार.

गेल्या महिन्यात पांढऱ्या सुटातल्या प्रचारकांना पत्र लिहिलं होतं. मागितलं काही नाही. फक्त पावतीचा नंबर कळवला आणि इकडं पिकाची वाट बघणं चालू आहे असं लिहिलं. आज अकराला टपालपेटीत जाड पाकीट! जिन्यातच फोडलं.

माझंच पत्र. वर शिक्का, 'या पत्त्यावर कोणी राहत नाही'.

ते बहुधा मोठ्या जागेत गेले असतील. देवाचं काम वाढलं की जागा पुरत नाही. पत्र कोटात पावतीशेजारी ठेवलं. हिला दाखवलं नाही. उगाच तिचा विश्वास डळमळायचा.

दुपारी चारला पेटी बघायला गेलो नाही.

८ मार्च, शनिवार.

ही आज प्रार्थना-सभेला गेली नाही. पडून होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, आता तिथं काही मिळत नाही. मला धक्का बसला. खुर्ची ओढून बसलो आणि चांगला अर्धा तास सांगितलं की प्रार्थनेला माणूस काही मिळवायला जात नसतो. तिनं डोळे मिटले होते. ओठ निळसर वाटले, खिडकीचा पडदा निळा आहे म्हणून असेल.

शेवटी एवढंच म्हणाली, अहो, बाहेर दोरीवर तुमचा रविवारचा शर्ट आहे, तेवढा आत घ्या.

चौदाच्या लॉकरमध्ये आज काहीच नव्हतं. माझी चिठ्ठीही नव्हती. म्हणजे नेली. म्हणजे वाचली. सुधारणा होते आहे.

९ मार्च, रविवार. सकाळी ८.

आज उपासनेत माझी साक्ष. विषय, 'न संपणारा पिठाचा डबा'. पंधरा दिवस तयारी चालू होती. डबा सध्या रिकामा आहे, पण साक्ष आधीच्या काळाबद्दल आहे, त्यामुळे खोटं होत नाही. ही येत नाही म्हणाली, मागाहून जमलं तर. कोट घातला. पावती आहे, पत्र आहे.

तोच दिवस. संध्याकाळी ५. घरी.

क्रमानं लिहितो.

मंचावर उभा होतो. कोणाकडे हात पसरला नाही, इथवर आलो होतो. मागचं दार उघडून प्लंबर आत आला, कामाच्या कपड्यांत, हात काळे. मधल्या वाटेनं सरळ पुढे आला. मला वाटलं, साक्ष ऐकून पाझर फुटला. तो म्हणाला, आजोबा, खाली उतरा, आजी जिन्यात पडल्यात.

त्याच्या गाडीत पाइप आणि ही. तिचं डोकं माझ्या मांडीवर.

डॉक्टरनं विचारलं, कोणती गोळी चालू होती? मी म्हटलं, हृदयाची. नाव? मी म्हटलं, सकाळी एक, संध्याकाळी एक. नाव सांगा. मी म्हटलं, पांढरी. त्यानं पेन खाली ठेवलं. विचारलं, किती दिवस बंद आहे? मी म्हटलं, बंद नाही, ती घेते, तिचं ती बघते. तो म्हणाला, दोन आठवडे तरी गोळी पोटात गेलेली दिसत नाही. घरून पाकीट आणा.

प्लंबरनं घरी आणलं. तो खाली गाडीत थांबला आहे.

गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतात. उघडला. वर रिकामी पाकिटं, चंदेरी, हिरव्या अक्षरांची.

त्याखाली माझ्या दोन चिठ्ठ्या, घडी करून.

त्याखाली गाठी. डब्यात निम्म्यापर्यंत गाठीच. दोन्हीकडून कात्रीनं कापलेल्या. दोन वेढे, एक उलटा, टोक आत.

खिडकीबाहेर कपड्यांची दोरी आहे. सुतळीचे तुकडे जोडून केलेली. तिच्यावर दोन वर्षं माझे शर्ट वाळतात.

प्लंबर हॉर्न वाजवतो आहे.

१० मार्च, सोमवार. दवाखान्यात.

शुद्धीवर आहे. धोका टळला असं डॉक्टर म्हणतो, पण जिना नको आणि गोळी एकही चुकवायची नाही. औषधवाला स्वतः गोळ्या घेऊन आला होता. माझ्याकडे बघितलं नाही त्यानं.

नर्सनं हिची क्रॉसची साखळी आणि किल्ली माझ्या हातात दिली. किल्लीवर १४ कोरलेलं आहे. एवढे दिवस डोळ्यांसमोर होती.

हिनं डोळे उघडले आणि विचारलं, जेवलात का? मी विचारलं, केव्हापासून? म्हणाली, तुमच्या कोटात पावती सापडली तेव्हापासून. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तिनं चादर सारखी केली. मग म्हणाली, पैसे गेलेच होते. वर तुमचा विश्वासही काढून घेतला असता तर घरात राहिलं काय असतं? मी म्हटलं, निदान हेडबाईंना सांगायचंस. म्हणाली, मग त्या बैठकीत तुम्ही खाली मान घालून बसला असता. मला ते बघवलं नसतं.

मग म्हणाली, चिठ्ठीत लिहिलं होतंत तसं मागितलं हो मी देवाकडे. रोज मागितलं.

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च, गुरुवार.

पाळकसाहेब परत आले. भेटायला गेलो. वाटेत बोलायचं पाठ केलं होतं. दार उघडल्यावर सगळं विसरलो. किल्ली टेबलावर ठेवली.

त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननं खंगले आहेत. म्हणाले, काका, मी एकही नंबर नाही असं म्हणालो होतो. तेवढंच. मग स्वतः उठून चहा करून आणला. साखर घातली होती.

म्हटलं, चौदा नंबर परत यादीत घ्या. ते म्हणाले, घेतो, पण तुमचाच नियम आहे ना. हेडबाईंना बोलावलं. त्यांनी कपाटातून अर्ज काढला. मी आखलेला.

समितीपुढे उभं राहायचं असतं. उभा राहिलो. डावा गुडघा हातानं धरला. हेडबाई म्हणाल्या, बसा हो काका. मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, गुडघाही आहे.

'कारण' या रकान्यात आधी बरंच लिहिलं. कारखाना, बी, पीक, परीक्षा, देवाची योजना. जागा संपली, कागद उलटा करून मागे लिहिलं. हेडबाईंनी वाचलं आणि दुसरा कोरा अर्ज पुढे केला. म्हणाल्या, एका ओळीत लिहा, मुलींना मी एवढंच सांगायची.

लिहिलं, 'आम्हाला गरज आहे.'

सातवीनंतर इतका वेळ एका ओळीला लागला नव्हता.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.

सोळा पुडकी बांधली. प्रत्येकातून मूठ-मूठ कमी करून. पंधरांना नेहमीची गाठ. चौदाला हात नेला आणि थांबलो. साधी गाठ मारली, ओढली की सुटेल अशी.

चारला बोळात गेलो. आणखी दोघं होते. एक तोच ताठ चालणारा म्हातारा. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग तो म्हणाला, तुमचंही कुलूप जाम होतं का? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, किल्ली जरा वर उचलून फिरवा. फिरवली. उघडलं.

हिला तळमजल्यावर आणलं आहे. प्लंबरनं त्याच्या सामानाची मागची खोली रिकामी करून दिली, डॉक्टर परवानगी देईपर्यंत. मी त्याचे आभार मानले. त्याचेच. तो इकडेतिकडे बघू लागला, म्हणाला, कोणाशी बोलताय आजोबा?

पुडकं तिच्या मांडीवर ठेवलं. सवयीनं तिनं कात्री मागितली. मी म्हटलं, ओढून बघ. तिनं टोक ओढलं, सुटलं. म्हणाली, अहो, गाठ किती ढिली बांधलीत, पॅकर ना तुम्ही? मी म्हटलं, वय झालं.

गोळ्या वर होत्या. एक घेतली. मलमाची ट्यूब काढून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, आज तुमचं तुम्ही चोळा.

सुतळी तिनं बोटांवर गुंडाळली. सबंध होती, कुठं कापलेली नव्हती. शनिवारी परत घेऊन जा म्हणाली, पुन्हा चालेल. खिशात ठेवली आहे. ती आहे का, रोज बघायची.